मशीन बघायला आलेलं जोडपं

घर विकताना लोक खोटं बोलतात हे तुम्हाला माहीत आहे. मी खरं बोललो. देवाशपथ, शब्दन् शब्द खरा बोललो, आणि त्यापायी जो काही घोळ घातला तो आठवला की अजून माझा चहा कपात गार होतो. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

अंबरनाथला शिवमंदिर रोडवर आमचा वन बीएचके होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. अठरा वर्षं राहिलो तिथे. मी कंपनीत सुपरवायझर होतो, आता रिटायर. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा चिखलोलीला लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं आणि हे विकायला काढलं. मनातून विकायचं नव्हतं. स्वयंपाकघरात सकाळी असं ऊन यायचं की सुनंदा, म्हणजे आमची ही, दिवा न लावता पोळ्या करायची. अठरा पावसाळ्यांत भिंतीला ओल म्हणून दिसली नाही.

आणि समोरच्या दारात गोखले वहिनी. मिस्टर गेलेले, मुलगा परदेशात, एकट्याच राहतात. सुनंदाचा आणि त्यांचा दुपारचा चहा रोज एकत्र, एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. त्यामुळे घर विकायला सुनंदाची एकच अट होती. "किंमत थोडी कमी आली तरी चालेल, पण वहिनींच्या समोर माणसं चांगली आली पाहिजेत."

एजंट होता उल्हासनगरचा हरेश. सिंधी माणूस, मराठी फर्मास बोलायचा, मध्येच गाडी हिंदीवर जायची. त्याने घर बघितलं आणि म्हणाला, "काका, घर मस्त आहे, लेकिन दिसत नाय. सामान निकालो. हॉल खाली झाला की मोठा दिसतो. तो शोकेस, ती कॅलेंडरं, गॅलरीतलं ते डबडं, सब निकालो."

डबडं म्हणजे आमचं वॉशिंग मशीन. घर घेतलं त्याच वर्षी घेतलेलं. मुलीने मोबाईलवर त्याची जाहिरात टाकली, 'उत्तम स्थितीत' असं लिहून. हरेशने घराच्या जाहिरातीतही तेच लिहिलं होतं. शहाडहून एकाचा फोन आला. कारखान्यात कामाला होता. रविवारी चारच्या सुमाराला बायकोला घेऊन बघायला येतो म्हणाला.

त्याच रविवारी पाच वाजता हरेश घरासाठी पार्टी घेऊन येणार होता. चारला मशीन, पाचला घर. मधे तासभर. मला वाटलं, काय झकास आखलंय मी.

चारला पाच मिनिटं कमी असताना बेल वाजली. दारात तिशीतलं जोडपं. त्याच्या हातात भाजीची पिशवी, आणि मागे गोखले वहिनी धापा टाकत. "बघा हो, खालपासून पिशवी आणून दिली यांनी," वहिनी म्हणाल्या आणि आपल्या घरात गेल्या.

मला माणसं आवडली. तो म्हणाला, "फोनवर बोलणं झालं होतं ना, बघायला आलोय. जरा लवकरच आलो. ते मागून येतायत."

ते म्हणजे टेम्पोवाला, असं मी धरलं. मी आणखी काही विचारलं का? नाही. दोघांना बसवलं, पाणी दिलं आणि मनाशी म्हटलं, कष्टाची माणसं आहेत, यांना फसवायचं नाही. जे आहे ते सांगून टाकायचं.

"किती वर्षं झाली याला?" त्याने विचारलं.

"अठरा पूर्ण."

"मग आता का काढताय?"

"आवाज," मी म्हटलं. "पहिली पाच-सहा वर्षं नव्हता. आता असा धडधडतो की खालच्या मजल्यावरचे वर येतात. एकदा सुरू झालं की सगळं थरथरतं."

ती नवऱ्याकडे बघायला लागली. "कोणाला दाखवलं नाही का?"

"दोन मिस्त्री झाले. आतून काय खिळखिळं झालंय ते त्यांना पण सापडलं नाही. एक तर म्हणाला, याला हात लावू नका, आहे तेवढे दिवस चालवा."

"आणि पाण्याचं कसं आहे?" तिने विचारलं.

बायका नेमका प्रश्न विचारतात, मला कौतुक वाटलं. "पाणी येतं भरपूर. पण आलं तेवढं खालून गळून जातं. मी फडकी लावून ठेवतो. दोनदा खालच्यांच्या छतात उतरलं, भांडणं झाली."

"जाहिरातीत तर उत्तम स्थिती लिहिलंय," तो म्हणाला.

"मुलीने लिहिलं. जाहिरातीत तसंच लिहितात." मी हसलो. ते हसले नाहीत.

ती हळूच म्हणाली, "आमची मुलगी पाच वर्षांची आहे."

"मग मात्र तिला सांभाळा. कधीमधी शॉक लागतो. पायात चप्पल असली की काही होत नाही."

तुम्ही आता डोक्याला हात लावला असेल. मी मात्र त्या वेळी एवढा खूश होतो स्वतःवर की विचारू नका. आयुष्यात प्रथमच कोणीतरी माझं इतकं लक्ष देऊन ऐकत होतं.

"काका, मग तुम्ही इतकी वर्षं कशी काढलीत?" तिने विचारलं.

"सवय. पण आता ही म्हणते, फुकट द्या, पण एकदाचं काढा. चला, गॅलरीत दाखवतो."

"नको, राहू द्या," म्हणून ती उठलीच. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "काका, थँक यू. खरंच थँक यू." आणि दोघं भराभरा जिना उतरून गेली. मशीन न बघताच. मला थोडं नवल वाटलं, पण म्हटलं, असतात घाईतली माणसं.

पाचला पुन्हा बेल. पुन्हा जोडपं, जरा वयस्कर. सोबत हरेश नव्हता. मी म्हटलं, बरंच झालं, आज आपणच घर दाखवू. त्यांना तोंडच उघडू दिलं नाही. हॉलचा वारा दाखवला, स्वयंपाकघराची खिडकी दाखवली, मंदिर चालत किती जवळ ते सांगितलं, नळ सोडून पाण्याची धार दाखवली. भिंतीवर हात ठेवायला लावला. "बघा, कशी कोरडी आहे." बिचारे माझ्यामागून फिरत होते, हात लावा म्हटलं की हात लावत होते.

शेवटी बेडरूममध्ये तो माणूस चाचरत म्हणाला, "साहेब, घर लय छान आहे तुमचं. पण मशीन कुठंय?"

"कुठलं मशीन?"

"कपडे धुवायचं. आम्ही शहाडवरून आलो. टेम्पो मिळायला उशीर झाला."

मी पलंगावर बसलो. तो घाबरला, त्याच्या बायकोने पाणी आणलं, माझ्याच स्वयंपाकघरातून. नंतर त्यांनी मशीन नेलं. त्याचे दोष सांगायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. तेवढं त्यानेच बघून घेतलं आणि म्हणाला, "दुरुस्त करीन मी."

सहाला हरेश आला. पार्टीने पाचऐवजी चारची वेळ मागितली होती आणि तो स्वतः वाटेत अडकला होता, म्हणून त्याने पार्टीला पुढे पाठवलं होतं आणि तसा फोनही केला होता, सुनंदाच्या नंबरवर. सुनंदा मुलीकडे, फोन पर्समध्ये.

"काका, काय बोललात तुम्ही पार्टीला?" हरेश दारातच उभा राहिला. "ती बाई फोनवर रडत होती. बोलते, बिल्डिंग हिलती है. मी अठरा वर्षं धंदा करतो, काका. पार्टीने भाव पाडलेला बघितलाय. मालकाने पाडलेला पहिल्यांदा बघितला."

मी तिथल्या तिथे हरेशकडून नंबर घेऊन त्या चारला आलेल्या मुलाला फोन लावला. सगळं सांगितलं, मशीन, शहाड, टेम्पो, सगळं.

तो म्हणाला, "काका, एजंट शेजारी उभे आहेत ना?"

"आहेत. पण त्याचा काही…"

"कळलं आम्हाला. त्यांनी बोलायला लावलं असेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आजकाल इतकं खरं कोण सांगतं?"

"अहो, ते मशीनबद्दल होतं."

"हो, काका. मशीनबद्दल." एखाद्या आजारी माणसाची समजूत काढावी तसा तो म्हणाला.

सुनंदा घरी आली ती आधी समोर गेली आणि हसत परत आली. "अहो, वहिनी सांगत होत्या, फार गोड जोडपं आलं होतं म्हणे. बाई शाळेत शिकवते, छोटी मुलगी आहे. यांनाच देऊन टाका घर."

तिला सांगताना मला जे वाटलं ते इथे सांगत नाही.

पुढे अडीच महिन्यांनी घर गेलं, एका व्यापाऱ्याला. गुंतवणूक म्हणून घेतलं त्याने. किल्ली मिळाल्या दिवशी कुलूप लावलं, ते अजून तसंच आहे. सुनंदा महिन्यातून एकदा वहिनींकडे जाते. मी एकदाच गेलो. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "शेजार अगदी शांत आहे हो." त्यांना टोमणा मारता येत नाही, म्हणून जास्त लागलं.

त्या पहिल्या जोडप्याने बदलापूरला घर घेतलं. वास्तुशांतीला आम्हाला आग्रहाचं बोलावणं. सुनंदा म्हणाली, जाऊ, निदान समोरासमोर खरं काय ते सांगून टाका. मी तयारी करून गेलो होतो.

पण दारातच त्या मुलाने सगळ्यांना थांबवून माझी ओळख करून दिली. "हे ते काका. स्वतःचं घर विकताना सगळे दोष स्वतः सांगितले यांनी." एक मावशी माझ्या पाया पडल्या. छोट्या मुलीला नमस्कार करायला लावला. मला मानाच्या पानावर बसवलं. जिलबी आग्रह करकरून वाढली. आता अशा वेळी मशीनचा विषय काढायचा कुठे?

त्याचे वडील माझ्याशेजारीच बसले होते. त्यांनी विचारलं, "खरंच इतकं वाईट होतं का हो ते घर?"

पंगतीतले सगळे माझ्याकडे बघत होते. सुनंदाही बघत होती.

"हो," मी म्हटलं. "फार वाईट होतं."

परत येताना रिक्षात सुनंदा म्हणाली, "घराने काय बिघडवलं होतं हो तुमचं?"

रिक्षावालासुद्धा आरशातून माझ्याकडे बघायला लागला.