कानावरचा हात

“हे घ्या तुमचं मशीन. गाणंच बंद करायलोय, तर मशीन काय चाटायचंय?”

किसनअण्णांनी कानातलं मशीन काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि तोंड फिरवून बसले.

बीदरच्या एका दवाखान्यात मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे कान तपासायचा, किती ऐकू येतं ते मोजायचं आणि त्या बेतानं मशीन बसवायचं. मशीन परत करायला येणारे मला नवे नाहीत. कुणाला ते टोचतं, कुणाला सुनेचं बोलणं नको तितकं ऐकू यायला लागतं. पण गाणं बंद म्हणून मशीन परत, असं सांगणारा हा पहिलाच. आणि माणूस कोण, तर किसनअण्णा!

मी मूळची ठाणाकुशनूरची. तिसरीत असताना जयंतीला आमच्या विहारासमोर औरादहून अण्णांची गायनपार्टी आली होती. उजव्या हातात एकतारी, डावा हात कानावर, आणि गाणं एका आईचं. ती लेकीला शाळेसाठी उठवते. “ऊठ माझ्या लेकी, उजाडलं गंऽऽ” म्हणते. त्या ‘गं’वर अण्णांनी असा सूर लांबवला की माझ्या अंगावर काटा आला. सूर संपला तरी मी आ वासून उभी. आई म्हणाली, “मीट तोंड, माशी जायल.” माशी नाही गेली, पण गाणं जे आत गेलं ते आजतागायत बाहेर आलेलं नाही. शाळेत मी पेटी शिकले. नोकरी लागल्यावर बीदरमध्ये गुरू शोधला. आजही सकाळी पेटी काढल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. हे सगळं त्या एका ‘गं’मुळे. अण्णांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“होतंय काय नेमकं, अण्णा?”

“फुटायलाय.”

“काय?”

“सूर. लांबवला की थरथर करायलाय, पार चाळणी व्हायलीय त्याची. आवाज गेला माझा, मॅडम.”

“आवाज न्हाई गेला,” शेजारून त्यांची बायको गिरजाअक्का म्हणाल्या. त्या पार्टीत त्यांच्या मागं झील धरतात, म्हणजे कोरसला असतात. “जसाच्या तसा हाय. पण ह्यांनला माझं पटंल तर ना! लग्नापासनं माझी एक गोष्ट ऐकली न्हाई, आन नाव कानाचं.”

“तू बायको हायस. तू बरंच म्हणणार.”

“मी? बरं म्हणणार? कधी म्हणलेलं हाय का?”

रविवारी औरादला नव्या विहाराचं उद्घाटन होतं. अण्णांनी तेच गाणं म्हणावं असा लोकांचा हट्ट होता. आणि अण्णा आज परत जाताना ‘येत न्हाई’ असा निरोप देणार होते. एकदा निरोप दिला की दिला. हा माणूस पुन्हा एकतारी हातात धरणार नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मशीन एका कॅम्पात बसवलेलं होतं. मी ते घेऊन आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या, म्हणजे सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांचं मराठी अर्धं कन्नड.

“वयस्स आगेद री,” सर म्हणाले. म्हणजे वय झालंय. “मशीन बोलणं ऐकायला आहे, गाण्याला नाही. तसं सांगून टाका.”

“सर, एकदा बघते ना.”

“बघा. पण त्यांना आशा लावू नका.”

सरांनी सरळ कानावर हात ठेवले. त्यांचं अगदीच खोटं होतं असंही नाही. ही मशीनं बोलण्यासाठीच बनवतात. आणि मला दुसरीच धास्ती होती. कधीकधी कानाच्या आतलाच भाग असा बिघडतो की सरळ सूरसुद्धा फाटका ऐकू येतो. तसं असेल तर मशीन बदला नाहीतर डॉक्टर बदला, उपयोग नाही.

अण्णांना मी आवाजबंद खोलीत बसवलं, मशीन न लावता हेडफोन दिला आणि फोनवरचा तंबोरा मोठ्यानं सोडला. मी काचेच्या अलीकडं बसले.

“थरथरायलाय का?”

“न्हाई. सरळ हाय.”

जीव भांड्यात पडला. कान शाबूत होता. आता मशीन लावून तोच तंबोरा स्पीकरवर लावला.

“हौ, आताबी सरळच हाय की.”

जीव पुन्हा भांड्याबाहेर. कान बरा, मशीन बरं, मग उरलं काय? अण्णांचा आवाज. अक्का मायेपोटी खोटं बोलत होत्या का? आणि तसं असेल तर ते मी सांगायचं? ज्यांच्या गळ्यानं मला गाणं दिलं त्यांना मी म्हणायचं की गळा गेला?

“अण्णा, ते लेकीला उठवायचं गाणं म्हणता का?”

त्यांनी चमकून पाहिलं. “तुला कसं ठाव?”

“मी ठाणाकुशनूरची. लहानपणी ऐकलंय. ते ऐकूनच गाण्याच्या नादी लागले मी.”

अण्णांनी घसा खाकरला. खुर्चीतच बसून, मांडीवर हात ठेवून हळू गुणगुणले. “इथं बरं वाटायलंय. घरीच फुटतोय.”

“मग घरी म्हणता तसं म्हणा. उभं राहून.”

“एकतारी न्हाई.”

“ही धरा एकतारी,” म्हणत अक्कांनी छत्री पुढं केली.

अण्णा उभे राहिले. उजव्या हातात छत्री. सवयीनं डावा हात वर गेला आणि कानावर बसला. “ऊठ माझ्या लेकी, उजाडलं गंऽऽ”

सूर अख्खा होता. जरा जाड झालेला, पण अख्खा. खरं सांगते, मी दवाखान्यात आहे हेच विसरले. आणि समोर अण्णांचा चेहरा उतरत चालला होता.

“बघ,” ते म्हणाले. “फुटला.”

मी त्या हाताकडं बघत राहिले. मग एकदम पेटलं.

मशीनमध्ये एक माईक असतो आणि एक इवलासा स्पीकर. वरून हातानं झाकलं की स्पीकरचा आवाज फिरून माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. लग्नाच्या मांडवात भोंगा कोकलतो, तसं. याला फीडबॅक म्हणतात. ती शिट्टी दाबायला मशीनमध्ये एक राखणदार असतो. लॅपटॉपला जोडून पाहिलं, तर राखणदार पार वरच्या टोकाला ठेवलेला. अण्णांचा हात आला की तो सावध व्हायचा आणि लांब सूर लागला की त्यालाच शिट्टी समजून तोडायचा.

“म्हंजे माझ्या सुराला हे शिट्टी समजायलंय?”

“व्हय, अण्णा.”

“येडंच हाय की!” इतक्या वेळात ते पहिल्यांदा हसले.

मी गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम करून दिला. बटण दाबलं की राखणदार सुट्टीवर. पण मग हात कानावर नेला की खरोखरची शिट्टी, तीही भर सभेत, माईकवरून.

“हात तेवढा न्यायचा नाही.”

“हात न्हाई नेला तर सूर कसा लागंल, माय? आमच्या उस्तादानं तसंच शिकविलंय.”

करून पाहिलं. ‘गं’ आला की हात वर, हात वर की शिट्टी. पुन्हा तेच. उजवा कान कधीचा गेलेला, म्हणून मशीन डाव्याच कानात, आणि उजव्या हाताला एकतारी. अण्णा जाताना एवढंच म्हणाले, “बघू.” माझा जीव टांगणीला लागला. घरी राहून गाणं बंद करणं एक, आणि साऱ्या औरादसमोर फजिती होऊन बंद होणं एक. आणि त्यांना गायला मीच लावलं होतं.

रविवारी मी औरादची बस धरली. मांडव भरलेला. अण्णांनी माझ्याकडं पाहून कानामागचं बटण दाबलं. शेजारच्या माईकवर अक्का. गाणं सुरू झालं आणि मी पदराचं टोक चावत बसले. ती ओळ आली. “उजाडलं...” डावा हात खाली होता तो हलला, छातीपर्यंत आला. मी डोळे मिटणार, इतक्यात अक्कांनी पटकन पुढं होऊन तो हात धरला. नुसता धरला नाही, घट्ट आवळला.

“गंऽऽऽ”

बायका तोंडाला पदर लावून खिदळल्या. अण्णांनी एकदा अक्कांकडं पाहिलं, पण सूर सोडला नाही. तो लांबत गेला आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला. त्यांना आपला आवाज परत भेटला होता. मी ढसाढसा रडले. लाज कसली त्यात?

कार्यक्रम झाल्यावर अण्णा हात चोळत आले. “सूर लागला, माय. पण हात लई जोरात दाबलाय हिनं.”

“मग काय करू?” अक्का लाजून लाल झाल्या होत्या. “लग्नात धरला हुता, त्याच्यानंतर आजच. आता गाणं हाय तवर धरावाच लागंल.”

तेव्हापासून मशीन बसवलं की मी पेशंटला नुसतं खुर्चीत बसवून सोडत नाही. उभं करते आणि रोजचं काम करून दाखवायला लावते. दुखणं कानाचं असलं तरी आधी हात बघते.