यंत्र बांधलेला दिवस

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील मंठ्याच्या मोर्चांतून ती आणत आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. कष्टकऱ्यांच्या घामाबद्दलची वाक्यं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. पाणी मात्र आईच आणायची, उताराखालच्या विहिरीवरून, डोक्यावर दोन हंडे घेऊन.

त्या वर्षी चढावर तिला अंधारी यायला लागली. छाती धडधडायची, मग एकदम थांबल्यासारखी व्हायची. दवाखान्यात पोचेपर्यंत नाडी सरळ झालेली असे. म्हणून जालन्याच्या डॉक्टरांनी तिच्या छातीवर वायरी चिकटवल्या आणि कमरेला छोट्या टेपरेकॉर्डरएवढं यंत्र बांधलं. दुसऱ्या दिवसापर्यंतचा प्रत्येक ठोका ते टिपणार होतं.

"रोजची सगळी कामं करायची," त्यांनी बजावलं. "त्रास होतो तेव्हाचेच ठोके मला बघायचेत."

पण आमच्या गल्लीत दवाखान्यातून आलेल्या बाईला कुणी कामाला हात लावू देत नाही. शेजारणीनं हंडे उचलले. चुलतीनं भाकरी थापल्या. वडिलांनी अंगणात बाज टाकली.

"अहो, डॉक्टर काम कर म्हनले," आई म्हणाली.

"अन् वायर तुटली मंग? मशीन काय आपलं हाय का? गप बस."

"जाऊबाई, जपून बोला," चुलती म्हणाली. "समदं टेप होऊन राह्यलंय. सासूचं नाव बिलकुल काढू नका."

आई पदर तोंडाला लावून हसली. "बसून बसून लाज वाटून राह्यली मला." तरी दुपारनंतर ती पाय पसरून बसली, माझे केस सावकाश विंचरले. भर उजेडात तिला अशी रिकामी बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

यंत्र परत देताना डॉक्टरांनी विचारलं ते वडिलांना. "कामं केली ना यांनी?"

"बराबर केली, साहेब."

सांगितलेलं आपण ऐकलं नाही, हे साहेबाच्या तोंडावर कबूल करायची आमच्याकडे रीत नाही. आईला कुणी विचारलंच नाही. रिपोर्ट नॉर्मल आला.

हंडे पुन्हा तिच्या डोक्यावर गेले. चढावर ती टेकली की वडील म्हणायचे, "रिपोर्ट चांगला हाय ना? मंग कशाचं भ्या?" ते तिला धीरच देत होते. तिलाही ते खरं वाटायचं. उन्हाळ्यात विहीर आटत आली, हंडे अर्धेच भरायचे, फेऱ्या वाढल्या. एका सकाळी ती चढावर बसली आणि उठली नाही. हंडे तिनं आधी नीट खाली ठेवले होते. पाणी सांडलं नव्हतं.

लोक म्हणाले, मशीननं फसवलं. मला हे मान्य नाही. मशीन खोटं बोललं नाही, त्याच्यासमोर आणलेला दिवस खोटा होता. मला राग आहे तो यंत्र परत दिल्यानंतरच्या सकाळचा. शेजारीण, चुलती, वडील, सगळे तेच होते, आणि आईला कुणी बस म्हणालं नाही. बसायला मिळालं तर तिचं काळीज नीट चालत होतं. एवढं तर त्या रिपोर्टमध्ये लिहिलेलंच होतं.