दोन झटके म्हणजे बस सुटली

माझ्या मुलीला वाटायचं, आम्ही तिला टाकून देतो.
दर सोमवारी.

तिचा हा समज ज्यांनी काढला, ते बोरसे सर आज पहाटे गेले.

मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहिते.

प्राचीला जन्मापासून ऐकू येत नाही. आम्ही नरडाण्याचे. सहा वर्षांची असताना तिला धुळ्यात कर्णबधिर मुलांच्या शाळेत घातलं, होस्टेलला. सोमवारी सोडायचं, शनिवारी आणायचं.

पण "शनिवारी येते" हे तिला सांगणार कसं? वार म्हणजे काय, हेच तिला माहीत नव्हतं.
ती गेट सोडायची नाही. जेवायची नाही.

सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, राहू दे पोरगी घरीच. आमचंही ठरलं.

एका बुधवारी आबा आणि मी दाखला काढायला गेलो. ऑफिसच्या खिडकीतून व्हरांडा दिसत होता. एका मोठ्या दोरीच्या आत सगळी मुलं, मागे खांद्याला कंडक्टरची बॅग लावून सर. बस पळत होती.

आबा मला म्हणाले, "हाई शाळा शे का एस.टी. स्टँड?"

सर तेवढ्यात आत आले होते. "बसा आबा. तिकीट कुठलं देऊ?"

मग त्यांनी समजावलं. जमिनीवर खडूचे गोल, एकेक वार म्हणजे एकेक स्टॉप. रोज बस एकच स्टॉप पुढे जाते. शनिवारच्या गोलाजवळ भिंतीवर सगळ्यांच्या आईवडिलांचे फोटो. मुलांना घंटी ऐकू येत नाही, म्हणून घंटी दोरीत. एक झटका, थांबा. दोन झटके, जाऊ द्या.

"ताई, आज तिला भेटू नका. बुधवारी आई दिसली तर माझा शनिवार खोटा पडेल. शनिवारी मात्र उशीर नको."

मी लेकीला न भेटता परत आले. दाखलाही काढला नाही.

शनिवारी गेलो तर प्राची त्या गोलात उभी. रडत नव्हती. तिने फोटोवर बोट ठेवलं, मग माझ्यावर.

पुढच्या सोमवारी गेटवर तिचे डोळे भरले. पण तिने माझी ओढणी दोनदा ओढली.
जा म्हणाली.

दाखल्याचा विषय पुन्हा निघाला नाही. अमळनेर, भडगाव, चोपडा... सर दोरीच्या बसला गावांच्या पाट्या लावायचे, वाचायला ती त्यांवरूनच शिकली. लोक म्हणायचे, तिथे नुसते खेळतात. हो, खेळतच शिकली.

आता ती जळगावला डीटीपीचं काम करते. निरोप मिळताच आली.

सरांना उचलायच्या आधी ती पुढे झाली. पांढऱ्या कापडाचं टोक धरलं आणि दोनदा ओढलं. हळूच.
तिच्यामागे शाळेची जुनी मुलं उभी होती. ती एकेक करून पुढे आली.

बाकीच्यांना ते काय करताहेत कळलं नाही. मला कळलं.

सर, निघा आता.
तुमची सगळी सवारी नीट पोहोचली.