सरकारी म्हणजे जुगार नाही

माझ्या दादाने जन्मात कधी पत्त्याला हात लावला नाही. खोपोलीत मटका जोरात होता तेव्हा बाबांनी त्याला आमच्या कडावच्या विहारात नेऊन मूर्तीसमोर शपथ घ्यायला लावली होती, जुगार खेळणार नाही म्हणून. त्याने ती अक्षरशः पाळली. गणपतीत शेजाऱ्यांकडे रात्रभर पत्ते रंगतात, तिथेही हा नुसता चहा पीत बसतो, आणि कोणी डाव मांडायला बोलावलं तर वरून उपदेश करतो. असा माणूस साजगावच्या कारखान्यातून सुटला की रोज लॉटरीची तिकिटं घेतो, हे मला लग्नानंतर वापीला राहायला गेल्यावर वहिनीच्या फोनवरून कळलं.

यंदा भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. स्कॉलरशिप मागाहून येते, कॉलेजात पैसे आधी भरावे लागतात. वहिनीने दूध विकून ते साठवले होते. दादाने ते उचलले आणि बंपरची तिकिटं आणली. मी धावत कडावला पोचले तोवर सोडत होऊन गेली होती, एकही तिकीट लागलं नव्हतं, फीची मुदतही उलटून गेली होती.

मी त्याच्यावर तोंड टाकलं. शपथेची आठवण दिली. तो चिडला नाही, त्याला खरंच नवल वाटलं.

"अगं, ह्यो काय मटका हाय? सरकारचं हाय हे. बाबांना नोकरी कुनी दिली? तुला वसतिगृहात ठेवून कुनी शिकवलं? गावानं दिलं का? सरकारनं दिलं ना? मग तेच सरकार आपल्याला फसवील काय?"

आमच्या घरात चूल, पुस्तकं, अंगावरचा नीट कपडा, सगळं सरकारी नोकरीतून आलं. सरकारवर विश्वास ठेवू नको हे मी कोणत्या तोंडाने सांगणार?

तरी प्रयत्न केला. म्हटलं, "आमच्या गुजरातेत सरकार लॉटरी चालवत नाही रं दादा."

"त्यान्ला पैसे नको असतील."

पैसे कोणाला नको असतात? हाच प्रश्न मी वापीत आमच्या शेजाऱ्यांना विचारला होता. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, खेळणारा कुठेही खेळतो, फोनवरही खेळतो. पण सरकारनेच दुकान मांडलं की त्याला अडवायला घरच्यांना तोंड राहत नाही. शिवाय तिकीट घेतो कोण? ज्याच्याकडे आधीच कमी आहे तो. त्याच्याकडून घ्यायचं आणि त्याच्याच पोरांच्या शाळेवर खर्च केलं म्हणून मिरवायचं, हे काही राज्यांना पटत नाही.

हे मी दादाला जसंच्या तसं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तो उठला, हात जोडले आणि म्हणाला, "चल विहारात. जुगार खेळनार नाय म्हनून परत शपथ घेतो. आत्ता घेतो." तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं. मी तिथेच हात टेकले, आणि वहिनी रडत गोठ्यात निघून गेली.

मला एसटीवर सोडायला भाची आली. साजगावला पॅकिंगचं काम मिळालंय, सोमवारपासून जायचं, असं तिने वाटेत सांगितलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, फी मी आधीच भरते. तिने मान डोलावली, पण तिचं लक्ष भलतीकडेच होतं.

"आत्या, पप्पांवर रागवू नको गं. सगळी तिकिटं त्यांनी माझ्या शिक्षणासाठीच घेतलेली." थोडं चालल्यावर तिने अगदी मनापासून विचारलं, "तुमच्याकडं लॉटरीच नाय, मग तिथं आपल्यासारख्या पोरींनी शिकायचं कशाच्या भरवशावर?"