थांबा, जोडून देतो

आमचे हे टेलिफोन ऑपरेटर. एका मोठ्या कचेरीच्या तळमजल्यावर बसून निवृत्त होईपर्यंत लोकांना म्हणत राहिले, "थांबा, जोडून देतो." जन्मापासून दिसत नाही, पण आवाज एकदा ऐकला की माणूस पक्का लक्षात. साहेब लोकांना त्याचं काय! लाइन लागली की ऑपरेटरला विसरायचं, नाही लागली की त्याच्यावरच डाफरायचं. कुणी आभार मानल्याचं मी तरी ऐकलं नाही, आणि ह्यांच्या पोटात काही राहत नाही.

मध्यंतरी परदेशातल्या माझ्या नणंदेचं घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते. त्यानंतर ताईंचा आवाज कायमचा जाणार. आम्ही बाकीचे त्यांचा चेहरा बघू. ह्यांच्यासाठी ताई म्हणजे आवाजच. दवाखान्याच्या नेटवरून आदल्या दिवशी दुपारी त्या ह्यांच्याशी टॅबवर बोलणार होत्या. मी कामावर. नीट बसता यावं म्हणून ह्यांनी टेबल सरकवलं आणि आमचं नेट गेलं.

ह्यांनी साध्या फोनवरून नेटच्या कंपनीला फोन लावला. हा आकडा दाबा, तो दाबा, करता करता एक मुलगी बोलायला आली.

"काका, नेटच्या डब्यावरचा कोणता दिवा लाल दिसतोय?"

"दिसत नाही हो."

"जरा जवळ जाऊन बघा ना."

"नाकाला लावला तरी नाही दिसायचा, बाई. मी आंधळा आहे." मग ताईंचंही सांगितलं.

पलीकडे खण उघडल्याचा आवाज.

"काका, तुमच्यासारखाच डबा घेतलाय समोर. मीपण डोळे मिटलेत. आता पाठीमागे बोट फिरवा. सगळ्यांत बारीक वायर सापडली? हलतेय?"

"लटकतेय."

"हळूच आत ढकला. टक् वाजलं पाहिजे."

टक् वाजलं.

"आता थोडं थांबायचं. फोन ठेवू नका, मी आहे."

मी असते तर फोन हिसकावून त्या मुलीची खरडपट्टी काढली असती, आणि बसलो असतो दोघं हात चोळत. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

तेवढ्यात टॅब वाजला. ह्यांच्याआधी तीच ओरडली, "काका, आला फोन! घ्या, घ्या!" आणि तिनं स्वतःच फोन ठेवला. आभार मानायचे राहूनच गेले.

मी घरी पोचले तेव्हा बहीणभाऊ लहानपणीच्या कुठल्याशा भांडणात रंगले होते. ताईंचा आवाज घोगरा झालेला, पण "ठोंब्या" म्हणण्यातला तोरा तसाच. मी चप्पलसुद्धा न काढता दारातच बसून राहिले.

त्या कंपनीचे नवीन प्लॅन विकणारे फोन येतात. मी दोन शब्दांत वाटेला लावते. हे मात्र सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "तुमच्याकडे एक मुलगी आहे, डोळे मिटून मदत करणारी. भेटली तर आभार सांगा." समोरचा गडबडतो. मी हसते, पण त्या पोरीचं भलं होवो असं मलाही मनापासून वाटतं.

ताई बऱ्या आहेत. आता त्या लिहून पाठवतात आणि टॅब सपाट आवाजात वाचून दाखवतो. त्याला तोरा कुठून येणार? म्हणून निरोप आला की हे आधी हळूच, हुबेहूब ताईंसारखं, स्वतःलाच म्हणतात, "ठोंब्या." मग बटण दाबतात.