चौकशीबाईंच्या भुवया

तिसरीच्या वर्गाच्या बाईंना शाळेत सगळे चौकशीबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. भाजी घरी आणून पुन्हा तोलायची, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचायची आणि नवरा ‘हो’ म्हणाला तर ‘नक्की?’ म्हणून विचारायचं, असा त्यांचा खाक्या. त्यांचा भरवसा एकाच गोष्टीवर होता: आठवड्यातून एकदा येणाऱ्या स्वतःच्या गोष्टीच्या तासावर.

त्या तासावर टॅबलेटनं घाला घातला. टॅबलेट गोष्ट सांगे, मग पात्रं कोण, घडलं कुठे, अडचण काय, तात्पर्य काय असं विचारी आणि चार उत्तरं समोर ठेवी. बरोबर उत्तरावर बोट पडलं की चांदण्या उडत. पहिल्याच महिन्यात अख्ख्या वर्गाला तात्पर्यात पैकीच्या पैकी!

मोठ्या बाई हरखल्या. “असंच चाललं तर गोष्टीचा तास टॅबलेटलाच देऊ. तुम्ही गणिताचा जादा तास घ्या.”

चौकशीबाईंना हे पटेना. पेंगूळ नावानं ओळखला जाणारा पोरगा गोष्ट चालू असताना घोरतो, आणि त्यालाही चांदण्या? कुठंतरी पाणी मुरत होतं. त्यांनी मुलांच्या जागा बदलल्या, आई-बाप घरी उत्तरं सांगत असतील म्हणून टॅबलेट शाळेच्याच कपाटात कोंडले. तरी चांदण्या तेवढ्याच.

“मशीनला कुणी पढवलं असेल,” त्या घरी म्हणाल्या.

“मशीनवरही संशय?” घड्याळं दुरुस्त करणारा नवरा मान वर न करता म्हणाला. “माझा नंबर गेला म्हणायचा!”

शेवटी त्या पेंगूळच्या बाकावरच जाऊन बसल्या. त्यानं जांभई दिली आणि बोट टेकवलं. चांदण्या!

“अरे, वाचलंस कधी?”

“वाचायचं कशाला, बाई? सगळ्यांत लांब उत्तर असतं ना, तेच बरोबर असतं.”

बाईंनी चार-पाच गोष्टी स्वतः तपासल्या. खरंच की! त्या तडक मोठ्या बाईंकडे गेल्या.

“बरं,” मोठ्या बाई म्हणाल्या, “मग शुक्रवारी माझ्यासमोर तोंडी विचारा. तुमच्या पद्धतीनं मुलांना येत असेल, तर तास तुमचा.”

बाई तरंगतच वर्गात आल्या. “काय रे लबाडा, माझ्या तासाला बरं न चुकता सांगतोस!”

“तेव्हा तुमच्या भुवया असतात ना,” पेंगूळ म्हणाला. “उत्तर बरोबर यायला लागलं की वर जातात. चुकलं की नाकाजवळ येतात, मग आम्ही उत्तर फिरवतो. टॅबलेटला भुवया नाहीत, म्हणून लांबी बघावी लागते.”

संध्याकाळी बाई आरशासमोर उभ्या राहिल्या. “अहो, माझ्या भुवया हलतात?”

“नाहीतर संसार काय उगाच टिकला?” नवरा म्हणाला.

शुक्रवारी मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या. भुवया मोकळ्या सोडल्या असत्या तर तास खिशात होता. पण एकदा आलेला संशय गिळणं या बाईंना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी नकाशांचं मोठं पुस्तक उघडून तोंडासमोर धरलं आणि त्याच्याआडून गोष्ट सांगितली. मांजरीला मासा सापडतो, ती तो लपवते, दिवसभर राखण करते आणि उपाशीच झोपते.

“तात्पर्य काय?”

पोरं पुस्तकाच्या कडेनं डोकावू लागली, तसं पुस्तक आणखी वर गेलं. कुणी म्हणालं, मांजर वाईट. कुणी म्हणालं, मासे खाऊ नयेत. मोठ्या बाईंनी घसा खाकरला.

मग पेंगूळ उठला, चक्क जागा होता. “बाई, तो मासा वास मारायला लागला असेल. म्हणजे तिनं लपवला तरी सगळ्यांना कळलाच. आणि तिला खायलाही नाही मिळाला. मग लपवून काय केलं?”

तेवढ्यात दोघी-तिघी त्याच्याशी भांडायला उठल्या: मांजरीला सर्दी असेल तर? तिला पिल्लं असतील तर?

“निकाल काही पैकीच्या पैकी नाही,” गलका ओसरल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या. “पण ही पोरं भांडायला लागली, ते मात्र पहिल्यांदाच बघते आहे. तास राहू दे तुमच्याकडे. आता ते पुस्तक तरी खाली घ्या.”

“नको,” आतून आवाज आला.

भुवया केसांत शिरल्या होत्या. एवढ्या पोरांसमोर त्या दाखवायच्या म्हणजे सगळं मुसळ केरात.