राजाच्या नाण्याला लिंबू-रांगोळी

पूर्वी पोर्तुगालच्या एका राजाला लढाईचा खर्च झेपेना. मग त्याने चांदीत भरमसाठ तांबं मिसळलं आणि हातोडीने ठोकून नाणी पाडली. वर चांदीची झाक आणि मुकुट घातलेल्या शिरस्त्राणाचं चित्र, आत तांबं. त्यातलं एक माझ्याकडे होतं. अमेरिकेत अ‍ॅशबर्नच्या आमच्या घरी जेवायला आलेला एकही पाहुणा ते बघितल्याशिवाय सुटला नाही. "अस्सल चांदी!" मी सांगायचो. तांब्याचं सांगू लागलं की लोक गुलाबजामकडे वळतात.

यंदा माझी नोकरी गेली. व्हिसाची मुदत संपत आली आणि लेकीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष नुकतंच सुरू झालेलं. मुदत वाढवून मागायला वकील हवा आणि वकिलाला पैसे आधी हवेत. जवळचं सगळं घराच्या हप्त्यांत गेलेलं. उरला डबीतला राजा. फोटो बघून एका नाणेविक्रेत्याने वकिलाची फी निघेल एवढी किंमत कबूल केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे निघालो, तर नाणं डबीत नाही. संध्याकाळी लक्ष्मीपूजन. सासूबाई सिंकपाशी पूजेची चांदी घासत होत्या. लिंबू, रांगोळीची पूड, जुना टूथब्रश.

"जावईबापू, अस्सल चांदी म्हणता आणि किती काळं पडू दिलंत हो!"

त्यांच्या ओल्या तळव्यावर राजा लालभडक झाला होता. शिरस्त्राणाचं नाकही गेलेलं.

"पण घासलं तसं तांबंच निघालं. कुणी फसवलं तुम्हाला?"

"राजाने," मी म्हणालो.

तरीही गेलो. आशा वेडी असते, मी तर तिचा सख्खा भाऊ. विक्रेत्याने भिंग लावलं, काढलं, आणि नाणं हळूच माझ्याकडे सरकवलं. एवढ्या हळू की मला रडूच आलं. पार्किंगमध्ये बसून वकिलाची अपॉइंटमेंट कॅन्सल केली.

घरी लेक दारातच उभी. "बाबा, डिड ही टेक इट?"

मी नकारार्थी मान हलवली.

"सो वी आर गोइंग बॅक? बिफोर ग्रॅज्युएशन?"

"काय म्हणतेय गं ती?" सासूबाईंनी आतून विचारलं. हातात हळदीकुंकवाचं तबक.

"नाणं पूजेत ठेवायचं का, विचारतेय," मी म्हणालो.

लेकीला मराठी चांगलं समजतं. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातलं नाणं घेतलं आणि आजीच्या तबकात ठेवलं.

"ठेवायचं म्हणजे काय, ठेवायचंच!" सासूबाई म्हणाल्या, आणि राजाला कुंकू लावलं.